कार्निवल झाल्यावर बघू

बेल्मॉन्ट, पोर्ट ऑफ स्पेन
बुधवार, १६ जानेवारी २०१९

काल, मंगळवार, १५ जानेवारी, सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी तू हॉलिस गॅरवेच्या खोलीत शिरलीस आणि 'गुड मॉर्निंग' म्हटलं नाहीस.

वेळ मी अंदाजाने लिहिलेली नाही. हॉलिसने स्वतः दुपारी फोन केला. "मिस लेझामा," तो म्हणाला, "तुम्ही पाठवलेली मुलगी आली, बसली, आणि माझ्याकडे अशी बघत राहिली, जसा काही मीच तिच्याकडे नोकरी मागायला आलोय." बाहेर बसलेल्या जॉयसलिनलाही तू काही म्हटलं नाहीस. जॉयसलिन त्याची सेक्रेटरी आहे. आतापर्यंत तिने ते सगळ्या इमारतीला सांगितलं असेल.

जिझेल, या बेटावर चोरसुद्धा घरात शिरताना आधी गुड मॉर्निंग म्हणतो आणि मग भांडी उचलतो. तू काय ठरवून गेली होतीस?

मी तुझी नेनेन, तुझी धर्ममाता. तुझ्या बाप्तिस्म्याला तुला या हातांत धरून मी तुझ्या वतीने सैतानाला नकार दिला होता. गुड मॉर्निंग तरी तुझं तू म्हणशील, असं मी धरून चालले होते. तुझी आई आणि मी कॉन्व्हेंटमध्ये एका बाकावर बसायचो. सिस्टर बेनेडिक्टा वर्गात आल्या की चाळीस मुली एका आवाजात गुड मॉर्निंग म्हणायच्या, आणि एकीचा आवाज कमी पडला तरी त्यांना कळायचं. तुझ्या आईचा कधी कमी पडला नाही.

तू ज्याच्या प्रयोगशाळेत होतीस तो रंगाचा कारखाना बंद पडला, त्याला तुझा इलाज नव्हता. म्हणून तर मी तुला शिकवलं. नोकरी मागायची नाही, अर्धा तास मागायचा. समोरच्याला त्याच्या कामाबद्दल विचारायचं, कारण या जगात कोणालाच कोणी ते विचारत नाही. आणि उठताना म्हणायचं, अजून कोणाला भेटू, दोन नावं सांगता का? सरबताच्या कंपनीत मी इतकी वर्षं माणसं भरली. कागद बघून एकही भरला नाही, सगळी अशा अर्ध्या तासांतून आली. हॉलिस गॅरवेच बघ. मामाचा कोट घालून आला होता, बाह्या बोटांच्या खाली. पण दारातून गुड मॉर्निंग म्हणाला, ते मला रस्त्यावर ऐकू आलं. आज तो तिथल्याच प्रयोगशाळेचा प्रमुख आहे.

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र केल्विनबरोबर पाठवतेय. त्याची टॅक्सी रोज सान फर्नांडोला येते. उत्तर त्याच्याच हाती दे.

तुझ्या आईला, मर्लला सांग, मार्चमध्ये कार्निवल झाल्यावर नक्की येते. सध्या आमच्या गल्लीच्या टोकाला स्टीलबँडच्या पॅनयार्डात मध्यरात्रीपर्यंत तालीम चालते, झोपेचं खोबरं झालंय.

तुझी नेनेन,
उर्सुला लेझामा

-----

सान फर्नांडो
रविवार, २० जानेवारी

प्रिय नेनेन,

गुड मॉर्निंग.

तुमचं म्हणणं बरोबर आहे. मी म्हटलं नाही. जॉयसलिनबाईंनाही नाही. त्या वेळी आवाजच फुटला नाही, एवढंच सांगू शकते. मिस्टर गॅरवेंना मी माफीची चिठ्ठी लिहीन.

खरं सांगू का, मला हे काम जमत नाहीये. तुम्ही शिकवलंत तसंच सगळं करते. साबणाच्या कारखान्यातल्या मिसेस असिंगकडे गेले होते. मी विचारलं, तुमच्याकडे वासाची तपासणी कशी करता? त्या म्हणाल्या, "अगं, ते जाऊ दे, आई कशी आहे?" मग मी आईबद्दल सांगितलं. मग त्यांनी डोळे पुसले. मग मी त्यांना धीर दिला. उठताना दोन नावं विचारली, तर नाताळातला उरलेला ब्लॅक केक कागदात बांधून दिला. त्यानंतर ज्यांच्याकडे गेले त्या मिस्टर पँटिननी संत्री दिली. नावं विचारली की फळं मिळतात. आमच्याकडे आता इतकी फळं झालीत की शेजाऱ्यांना वाटतं, आम्ही दुकान काढलंय.

निघताना सगळे एकच म्हणतात, "कार्निवल झाल्यावर बघू."

ते म्हणतात तसं खरंच बघतील का, नेनेन? तुम्ही इतकी वर्षं त्या बाजूच्या खुर्चीत बसलात, म्हणून विचारते. नोव्हेंबरात ते "नाताळ झाल्यावर" म्हणत होते.

आई बरी आहे. बाबांची बहीण आमच्याकडेच राहायला आलीय. केल्विनबरोबर थोडा पेलाव भात पाठवतेय. त्याने वाटेत खाल्ला नाही तर पोहोचेल.

तुमची,
जिझेल

-----

बेल्मॉन्ट
बुधवार, २३ जानेवारी

जिझेल,

पेलाव पोहोचला. डब्याच्या एका कोपऱ्यात चमच्याची खूण होती. केल्विन म्हणतो, खड्ड्यामुळे झाली.

तू विचारलंस म्हणून सांगते. नाही, बघत नाहीत. "कार्निवल झाल्यावर" म्हणजे नाही. तोंडावर नाही म्हणायला जीभ उचलत नाही, म्हणून आपल्याकडे तारीख सांगतात. मी स्वतः हजारदा म्हटलंय. समोरचा माणूस हसून जातो, आपण दार लावतो, आणि दोघांची अब्रू राहते. यात वाईट काही नाही. पण जो ते खरं मानून बसतो त्याचं कठीण.

मात्र तिघांनीही तुला तेच ऐकवावं याचा मला राग आला आहे. कारण मी तुझ्यासाठी वाट झाडून ठेवली होती. तुला कोरडी थोडीच पाठवली? तू जायच्या आधी मी असिंगला, पँटिनला आणि हॉलिसला, तिघांनाही, स्वतः फोन केले. मर्लला लकवा झाला, ती अंथरुणातून उठत नाही, तिला बोलताही येत नाही, हे सांगितलं. पोरीवर सगळा भार आहे, रात्रपाळी तिला झेपणार नाही, उशिरापर्यंत थांबवू नका, आणि ती मानी आहे, तोंडाने मागणार नाही, हेही सांगितलं. म्हणजे जे तुला बोलायला अवघड गेलं असतं ते सगळं मी आधीच बोलून टाकलं होतं. तुला फक्त आत जाऊन गुड मॉर्निंग म्हणायचं होतं!

आवाज फुटला नाही हे काही कारण झालं नाही. आवाज का फुटला नाही ते लिही. आणि हॉलिसला चिठ्ठी नको, चांगल्या कागदावर पत्र लिही.

मर्लला सांग, कार्निवल झाला की पहिल्या शनिवारी मी येते.

नेनेन

-----

सान फर्नांडो
रविवार, ३ फेब्रुवारी

प्रिय नेनेन,

गुड मॉर्निंग.

उत्तराला उशीर झाला. केल्विन तीनदा रिकाम्या हाताने परत गेला. त्याला रागावू नका. पत्र लिहून झालं होतं, देववत नव्हतं. आई म्हणत होती, देऊ नकोस. काल रात्री म्हणाली, दे.

तुम्ही फोन केले होते हे मला तुमच्या पत्रातून कळलं नाही. मला ते पंधरा तारखेलाच कळलं.

मी वेळेआधी पोहोचले होते. जॉयसलिनबाई आत होत्या, दार अर्धं उघडं होतं. मी दारात थांबले, गुड मॉर्निंग अगदी ओठांवर होतं. आतून मिस्टर गॅरवेंचा आवाज आला.

"लेझामाबाईंची ती बिचारी येतेय, जॉयसलिन. आई अंथरुणाला खिळलीय. रात्रपाळी नको, उशीर नको, सारखं घरी पळावं लागणार. बाईंनी स्वतःच सांगितलं. आपल्या प्रयोगशाळेतल्या रिकाम्या जागेचा विषय तिच्यापुढे काढू नकोस, उगाच आस लागेल पोरीला. सॉरेलचं सरबत दे, आईसाठी रसाच्या बाटल्या बांधून ठेव. मी सांगतो, कार्निवल झाल्यावर बघू."

मग जॉयसलिनबाई बाहेर आल्या आणि मला बघून त्यांचाही चेहरा उतरला. मी आत जाऊन बसले. त्यांनी सॉरेल दिलं, मी प्यायले. ते गोड होतं. अर्धा तास संपायच्या आत मी उठले. बाटल्यांची पेटी टॅक्सीपर्यंत मी स्वतः वाहून नेली, नेनेन, कारण "नको" म्हणायलाही तोंड उघडावं लागलं असतं.

जागा होती. माझ्याच कामाची. रंगाच्या कारखान्यात मी तीन वर्षं रात्रपाळी केली, तुम्हाला ठाऊक आहे. मला रात्रपाळी आवडते. मशिनं थंड असतात, साहेब घरी असतात.

घरी आईला सांगितलं, तेव्हा आई हसली. हो, नेनेन, आई हसते. ती उठते. काठी धरून पोर्चपर्यंत जाते आणि जाणाऱ्या येणाऱ्याला बघते. आत्याशी पत्ते खेळते आणि लबाडी करते. बोलणं सावकाश आहे, काही शब्द अर्ध्यावर अडकतात, पण बोलते. पहिला शब्द परत आला तो "मॉर्निंग". डॉक्टर आत आले आणि ती म्हणाली, "मॉर्निंग." डॉक्टरांच्या हातातलं पेन पडलं. हे ऑगस्टमधलं आहे. तुम्हाला सांगायचं राहून गेलं, कारण फोनवर तुम्ही विचारायच्या आधीच म्हणायचात, "बिचारी मर्ल, बोलायलाही येत नाही," आणि पुढे जायचात.

मी हे लिहिलं नसतं. आई म्हणाली होती, "उर्सुलाला लागेल. तोंडाचीच तिखट आहे ती." पण आता मला ठरवायचं आहे. गयानात जॉर्जटाउनला रंगाची एक कंपनी आहे. आमच्या कारखान्यातला एक जुना सहकारी तिथे गेलाय, त्याने माझं नाव सांगितलं. आईबद्दल त्याला काही माहीत नव्हतं, म्हणून असेल, त्यांनी फोनवर फक्त कामाचंच विचारलं. अठ्ठावीस फेब्रुवारीपर्यंत हो किंवा नाही कळवायचं आहे. मला जायचं नाही. आई म्हणते जा, आणि म्हणताना खिडकीबाहेर बघते.

मी रागावलेली नाही. रागावले होते. एक गोष्ट मात्र सांगते, कारण तुम्हीच मला खरं बोलायला शिकवलंत. तुमच्या पहिल्या पत्रात गुड मॉर्निंग नव्हतं. दुसऱ्यातही नव्हतं.

आई रोज विचारते, उर्सुला कधी येणार? मी सांगते, कार्निवल झाल्यावर. ती "बरं" म्हणते आणि पत्ते पिसायला घेते. तीही कॉन्व्हेंटमध्येच शिकलीय, तुमच्याच बाकावर.

जिझेल

-----

बेल्मॉन्ट
गुरुवार, १४ फेब्रुवारी

गुड मॉर्निंग, जिझेल.

गुड मॉर्निंग, मर्ल. हे पत्र तू तिच्या खांद्यावरून वाचणार हे मला माहीत आहे. शाळेतही वाचायचीस.

तुझं पत्र आलं त्या दिवशी केल्विन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मिस उर्सुला, काय झालं? आज तुम्ही मला शिवी नाही दिलीत." त्याला बसायला सांगितलं. तो इतका घाबरला की उभाच राहिला.

पहिले दोन दिवस मी तुझ्यावरच चिडून काढले. नंतर हॉलिसवर. दार अर्धं उघडं ठेवून कोणी असं बोलतं का? मग चिडायला दुसरं कोणी उरलं नाही.

म्हणून मी हॉलिसला पत्र लिहिलं. गुड मॉर्निंग, हॉलिस, असं लिहिलं आणि अर्धा तास मागितला. निवृत्त झाल्यापासून मी त्या इमारतीत पाऊल ठेवलं नव्हतं. मंगळवारी गेले. दरवानाला गुड मॉर्निंग म्हटलं, झाडूवालीला म्हटलं, जिन्यात एका अनोळखी माणसाला म्हटलं, तो दचकला. जॉयसलिनने मला बसवलं आणि समोर लाल सॉरेलचा ग्लास ठेवला, वर बर्फ घालून. ग्लास बघितला आणि मला कळलं, आज या खोलीत बिचारी मी आहे.

प्यायले. तू म्हणालीस तसं गोड होतं.

हॉलिस उठून उभा राहिला. तो अजूनही उठतो. म्हणाला, "मिस लेझामा, मुलीचं मनावर घेऊ नका हो. तिच्यावर किती ओझं आहे, मी समजू शकतो. आई कशी आहे तिची?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

"म्हणजे? तुम्हीच तर सांगितलंत, उठत नाही, बोलत नाही..."

"सांगितलं. पाहिलं नाही."

तो खाली बसला. मी पुढे बोलत राहिले, कारण थांबले असते तर उठून घरी गेले असते. म्हटलं, "हॉलिस, ती मुलगी तीन वर्षं रात्रपाळीत होती. ती काय करू शकते हे तू तिला विचारायला हवं होतंस. पण तू विचारलं नाहीस, कारण तिच्याआधी उत्तर मी देऊन ठेवलं होतं. तू माझ्याकडे आलास तेव्हा कोटाच्या बाह्या बोटांच्या खाली होत्या. तुझ्या मामाने आधी मला फोन करून सांगितलं असतं, पोराचा बाप वारलाय, पोर खचलंय, जपून घ्या, तर मी तुला लिंबूपाणी पाजून परत पाठवलं असतं. नक्की पाठवलं असतं."

त्याने टेबलावरची टाचणी उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाला, "माझा मामा तुम्हाला फोन करणारच होता. आईने करू दिला नाही."

मी म्हटलं, "तुझी आई शहाणी होती."

"बाई, एक विचारू? तुम्ही असं का सांगितलंत? तुम्ही तर कधी कोणासाठी शब्द टाकला नाहीत. आम्ही तुम्हाला घाबरायचो ते त्यासाठीच."

त्याला मी उत्तर दिलं नाही. तुला देते.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मर्लला इस्पितळात नेलं, तेव्हा मी आले होते. कोणाला सांगितलं नाही. द्राक्षं घेऊन आले होते. वॉर्डाच्या दारापर्यंत पोहोचले. मर्ल खिडकीकडे तोंड करून पडली होती आणि नर्सला काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होती. तो आवाज मी ऐकला. ही आमच्या वर्गातली सगळ्यात वेगाने बोलणारी मुलगी. सिस्टर बेनेडिक्टांना फ्रेंचमध्ये उलट उत्तर देणारी एकटी. मी दारात उभी राहिले आणि माझ्या तोंडून गुड मॉर्निंग निघालं नाही. मागे वळले. द्राक्षं येताना मॅक्सी टॅक्सीत खाल्ली, सगळी, बियांसकट.

दारात उभी राहून गप्प होणारी आपल्यात तू पहिली नाहीस. तू निदान आत गेलीस.

त्यानंतर मी मर्लबद्दल सगळ्या पोर्ट ऑफ स्पेनला सांगत सुटले. चर्चमध्ये सांगितलं, बाजारात सांगितलं, फोनवर सांगितलं. जितकं सांगितलं तितकं मला वाटत गेलं की मी तिचं काहीतरी करतेय. तिच्या नावाने डोळे पुसून घेतले आणि तिला म्हटलं, नाताळ झाल्यावर येते. मग म्हटलं, कार्निवल झाल्यावर. त्याचा अर्थ काय असतो हे तुला मीच लिहून दिलं, आणि त्याच पत्राच्या खाली तेच पुन्हा लिहिलं. सही करताना लक्षातही आलं नाही. आणि तू आईला सोडून कुठे लांब जाऊ नयेस म्हणून तुझे हातपाय बांधून ठेवले. कोणीतरी मर्लजवळ असायला हवं होतं, आणि ते कोणीतरी मी असू नये, एवढंच मला हवं होतं. हे मी कन्फेशनमध्ये फादरना सांगितलं. ते म्हणाले, तीन वेळा प्रभूची प्रार्थना म्हण. मी म्हटलं, फादर, एवढ्या स्वस्तात नको.

आता कामाचं. जागा अजून भरलेली नाही. हॉलिस म्हणाला, "बावीस तारखेला, शुक्रवारी सकाळी मी मोकळा आहे. तिला यायचं असेल तर तिने स्वतः कळवावं. मी तिला रात्रपाळीबद्दल विचारेन. आईबद्दल विचारणार नाही. आणि मिस लेझामा, तुमचा फोन नको." त्याने मला कशाचंही वचन दिलं नाही, आणि मी मागितलंही नाही. तू जॉर्जटाउन निवडलंस तर त्यालाही माझं काही म्हणणं असणार नाही. असेल, पण ते मी म्हणणार नाही.

असिंग आणि पँटिन, दोघांनाही मी पत्रं लिहून माझं बोलणं मागे घेतलं. पँटिनने उत्तरात मला संत्री पाठवली. असिंगने मात्र दोन नावं दिली. ती मी इथे लिहीत नाही. तुला हवी असतील तर माग, मिळतील. नको असतील तर माझ्या पाकिटात पडून राहतील. तुझ्या पुढे पुढे धावायची सवय मी मोडतेय, फार जड जातंय.

राहिलं एक. मर्ल, हे तुला आहे.

मी जिझेलला जे शिकवलं त्याच रीतीने मागते. मोठं काही मागत नाही. माफीही नाही, ती मागायची असेल तर समोर बसून मागेन. अर्धा तास मागते. शनिवारी, तेवीस फेब्रुवारीला, सकाळी, तुझ्या पोर्चवर. केल्विनच्या टॅक्सीने येईन. तू बोलशील तितकं सावकाश बोल, मी तुझं वाक्य मधेच पुरं करणार नाही. हे मी लिहून देते, कारण तोंडी दिलं तर कोण विश्वास ठेवणार? द्राक्षं आणणार नाही. पत्त्यात लबाडी केलीस तर मात्र पहिल्यासारखीच ओरडेन.

उत्तर लेखी हवं. हाताने लिहिलेलं. मर्लच्या उजव्या हाताने जमत नसेल तर डाव्या हाताने, वाकडं, एका शब्दाचं चालेल. ये किंवा येऊ नकोस. गुरुवारी, एकवीस फेब्रुवारीला, दुपारी बाराच्या आत ते केल्विनच्या हातून मला मिळायला हवं. मी अकरापासून दारात उभी असेन.

"कार्निवल झाल्यावर" हे उत्तर म्हणून स्वीकारलं जाणार नाही.

उर्सुला